चंदेरी शॉटगन गंजत नाही, हे खरं नाही

"पंप-अ‍ॅक्शन घ्यायची तर चंदेरी घ्या. मरीन फिनिश म्हणजे स्टेनलेस. ती गंजत नाही, तेलपाणी लागत नाही. काळ्या बंदुका पहिल्या ओलाव्यातच तांबूस होतात. हजार तासांची मिठाची चाचणी पास आहे का तेवढं विचारा, आणि अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असेल तर हातही लावू नका." पंप-अ‍ॅक्शन, म्हणजे पुढचा हातदस्ता मागेपुढे सरकवून काडतूस भरायची शॉटगन, घेणाऱ्यांसाठी हा सल्ला थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे, आणि पहिली बंदूक घेणारा तो पाठ करूनच दुकानात शिरतो. मला त्याची काळजी वाटते. कारण तो ऐकून घेतलेल्या बंदुका गंजून दुरुस्तीला येतात आणि मालकाला शेवटपर्यंत कळत नाही की चुकलं कुठे.

आधी 'चंदेरी म्हणजे स्टेनलेस' हे पाहू. बाजारात मरीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंप बंदुकांची नळी बहुधा साध्या पोलादाचीच असते. वर असतो तो थर. रेमिंग्टनच्या 870 मरीन मॅग्नमवर इलेक्ट्रोलेस निकेलचा मुलामा आहे, तर मॉसबर्गच्या मरिनरवर मरीनकोट नावाचा लेप. इलेक्ट्रोलेस निकेल ही मुळात उत्तम गोष्ट आहे. विजेवर चढवलेला मुलामा कडांवर जाड बसतो आणि खाचाखोचांत पातळ राहतो. हा मुलामा मात्र रासायनिक द्रावणातून, विजेशिवाय चढतो, त्यामुळे नळीच्या आत आणि रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या बॉडीच्या, पोटातही सारखा बसतो. मरीन मॅग्नमला तो आतूनबाहेरून आहे, हीच तिची खरी किंमत.

पण या मुलाम्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजतं आणि खालच्या लोखंडाला वाचवतं. निकेलचं उलटं आहे. निकेल शाबूत राहतं आणि उघडं पडलेलं पोलाद खाल्लं जातं. ओरखडा सुईच्या टोकाएवढा असला तरी सगळा मारा त्याच जागी होतो, आणि गंज पसरण्याऐवजी खोल जातो. काळ्या नळीवर गंज तपकिरी सायीसारखा येतो. दिसतो, तेलाच्या फडक्याने पुसता येतो. चंदेरी नळीवर एक बारीक ठिपका दिसतो, आणि तो पुसल्यावर खाली खड्डा सापडतो. खरं स्टेनलेस घेतलं तरी सुटका नाही. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या पापुद्र्यामुळे ते टिकतं, पण खाऱ्या पाण्यातला क्लोराइड नेमका तोच पापुद्रा भेदतो. नळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 416 जातीत तर कातकाम सोपं व्हावं म्हणून गंधक घातलेलं असतं, त्यामुळे ती भांड्यांच्या स्टीलपेक्षा लवकर डागाळते.

आता 'तेलपाणी लागत नाही'. सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलं आहे.

माझ्याकडे एक चंदेरी पंप आली होती. बाहेरून आरशासारखी. तक्रार एवढीच, की तिसरं-चौथं काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे नळीखालच्या काडतुसांच्या ट्यूबमधून, मागे येत नाही. बंदूक रिकामी आहे हे आधी डोळ्यांनी आणि मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून तपासलं, टोपी फिरवली, नळी उतरवली. मॅगझिन ट्यूबच्या तोंडाची अडकण काढताना स्प्रिंग उसळते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. यावेळी काहीच उसळलं नाही. स्प्रिंग ओढून काढावी लागली, आणि तिच्यासोबत ट्यूबमधून विटकरी भुकटी टेबलावर सांडली. मुलामा बंदुकीला होता, स्प्रिंगला नव्हता. ती साध्या तारेची होती आणि मालकाने तिला कधी तेल दाखवलं नव्हतं, कारण 'लागत नाही'.

गंज अशाच जागी बसतो: मॅगझिनची स्प्रिंग, पुढच्या हातदस्त्याखालच्या सरकपट्ट्या, रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची खाच, चापाच्या जुळणीतल्या पिना, नळीच्या तोंडाला बसणाऱ्या चोकचे आटे, दस्त्याखालचे स्क्रू. आणि चेंबर. चेंबरमधला थोडासा खरखरीतपणाही महागात पडतो. बार उडताच काडतुसाचं प्लॅस्टिक फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं. भिंत गुळगुळीत असेल तर लगेच सुटतं, गंजाने खडबडीत असेल तर धरून बसतं. मग हातदस्ता मागे येत नाही आणि लोक पंप जाम झाला म्हणून बंदुकीला दोष देतात.

काळ्या बंदुकांबद्दलचं विधान अर्धवट आहे, कारण 'काळी' ही एक गोष्ट नाही. ब्लूइंग म्हणजे लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड, अतिशय पातळ. तो एकटा फारसं रक्षण करत नाही. गुळगुळीत पॉलिशवर केलेलं ब्लूइंग बऱ्यापैकी टिकतं. वाळूमारा करून मॅट केलेल्या पृष्ठभागावरचं ब्लूइंग ओलावा धरून ठेवतं. बदनामी झाली ती मुख्यतः अशा स्वस्त मॅट फिनिशमुळे, आणि तिथे ती योग्यच आहे. पार्करायझिंगची गोष्ट वेगळी. तो फॉस्फेटच्या स्फटिकांचा सच्छिद्र थर असतो आणि स्पंजासारखा तेल शोषून घेतो. तेल पाजलेलं पार्करायझिंग वर्षानुवर्षं टिकतं, म्हणूनच लष्करी शस्त्रांवर ते इतकं वापरलं गेलं. तेच सॉल्व्हंटने धुऊन कोरडं ठेवलं तर गंजतं. सेराकोट हा सिरॅमिक मिसळलेला पॉलिमरचा लेप. तो फवारून देतात, बहुतेक प्रकार भट्टीत पक्के करतात, आणि बाहेरून तो फार चांगला आहे. मात्र नळीच्या आत आणि चेंबरमध्ये तो देत नाहीत. तिथे क्रोमचा थर आहे का, हे वेगळं विचारावं लागतं.

मिठाच्या चाचणीचे तास सांगून माल विकणाऱ्यांवर विसंबू नका. एएसटीएम बी117 या पद्धतीत 35 अंश सेल्सिअसला 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात. एका लेपाची दुसऱ्याशी, एका खेपेची दुसरीशी तुलना करायला ती ठीक आहे. पण तास म्हणजे वर्षं नव्हेत. खऱ्या वापरात बंदूक भिजते, वाळते, घासली जाते, घामाचे हात लागतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या रिसीव्हरला घाबरण्याचं कारण नाही. मॉसबर्ग 500 साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याच रिसीव्हरवर चालते आहे. तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा ठोकळा, रिसीव्हरमध्ये नाही, नळीच्या मागच्या पोलादी भागात अडकतो, त्यामुळे बाराचा दाब पोलादच झेलतं. त्याच घराण्यातली 590ए1 अमेरिकी लष्कराच्या 3,000 पूर्ण ताकदीच्या काडतुसांच्या चाचणीतून गेली आहे. अ‍ॅल्युमिनियम तांबूस गंजत नाहीच. मात्र खाऱ्या पाण्यात पोलादी स्क्रूशी जिथे त्याची गाठ पडते तिथे पांढरी भुकटी धरते. आट्यांना थोडं ग्रीस लावलं की भागतं. 870 चा रिसीव्हर 1950 पासून पोलादाचा आहे. वजन जास्त, गंजाचा धोकाही जास्त, टिकाऊपणा दोन्हींत भरपूर.

बंदूक कायम बोटीवर, खाऱ्या वाऱ्यात राहणार असेल तर आतून मुलामा असलेली निकेलची घ्या, हे मीही सांगेन. बाकी बहुतेकांना पार्करायझिंग, क्रोमचं अस्तर आणि सिंथेटिक दस्ता पुरेसा आहे.

आणि त्या चंदेरी बंदुकीचा मालक ती फोमच्या केसमध्ये ठेवत असे. फोम ओलावा धरतो आणि धातूला दिवसरात्र चिकटून बसतो. केस फक्त प्रवासापुरती. परतल्यावर बंदूक रिकामी आहे का ते पाहा, नळी उतरवून पुसा, चेंबरमधून तेलाचं फडकं फिरवा, मॅगझिनच्या स्प्रिंगला दोन थेंब द्या आणि कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत उभी ठेवा. पहिली रात्र नळीचं तोंड खाली असू द्या, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्यात न उतरता बाहेर निथळेल.