डब्यावर ०.१८, डिव्हाइसवर ०.३६ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला आणि फोटो पण झूम करून बघितले. तुम्ही लिहिलंय की आमच्या व्हेप (ई-सिगारेट) कॉइलच्या, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या, डब्यावर ०.१८ ओहम रेझिस्टन्स छापलाय पण तुमचं व्हेप डिव्हाइस ०.३६ दाखवतंय, ८० वॉटला पहिल्याच दिवशी जळका वास आला, दोन दिवसात कॉइल काळी पडली, म्हणजे तार हलकी आहे आणि दुकान फसवतंय. फसवतंय हा शब्द लागला, कारण प्रत्येक जोडी मीटरवर तपासल्याशिवाय आम्ही डब्यात भरतच नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

डब्यात दोन कॉइल आहेत आणि ०.१८ हा आकडा दोन्ही एकत्र बसवल्यावरचा आहे, डब्यावर त्याच्या शेजारीच ड्युअल लिहिलंय. आत २६ गेजच्या दोन निक्रोम (निकेल-क्रोमियमच्या) तारा, वरून ३८ गेजची बारीक तार गुंडाळलेली, ३ मिलिमीटर व्यासावर ७ वेढे, अशी एक कॉइल ०.३६ च्या आसपास येते आणि तशा दोन पॅरलल लावल्या की रेझिस्टन्स निम्मा होतो. तुमच्या फोटोत डेकवर (कॉइल बसवायच्या जागेवर) एकच कॉइल आहे, त्यामुळे तुमचं डिव्हाइस अगदी बरोबर दाखवतंय. कॉइल जशी सांगितली तशीच निघालीये.

आता जळका वास. रेग्युलेटेड, म्हणजे सर्किटने पॉवर ठरवणाऱ्या, डिव्हाइसवर ८० वॉट सेट केले की ते ८० च देणार, कॉइल एक असो की दोन. दोन असत्या तर प्रत्येकीला ४० आले असते, इथे सगळे एकीवर पडले आणि त्यात कॉइलमधला लिक्विड शोषणारा कापूस इतका ठासून भरलाय की लिक्विड वर चढायला जागाच नाही, मग कोरडा कापूस जळणार नाही तर काय होणार. एका कॉइलला ३५ पासून सुरू करा आणि चव बघत थोडं थोडं वाढवा. कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल वाकडी व्हायला नको. दोन्ही टोकं कंगव्याने विंचरून थोडी पातळ करा, डेकच्या तळाला जेमतेम टेकतील एवढीच ठेवा, खाली दाबून कोंबू नका. व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) जास्त असलेलं लिक्विड घट्ट असतं, त्याला तर अजूनच मोकळी वाट लागते. आणि एकदा जळलेला कापूस परत सुधरत नाही, लिक्विड कितीही ओता. कोरड्या कापसाचा जळका झटका घशाला बसला की तिथेच थांबत जा, कारण तापलेल्या कोरड्या कॉइलवर फॉर्मल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ तयार होतात, हे मी गिऱ्हाईक टिकवायला नाही, मनापासून सांगतोय.

काळा थर बहुतेक गोड लिक्विडचा आहे, त्यातलं सुक्रालोज (गोडवा आणणारा पदार्थ) कॉइलवर जळून चिकटतं, तार कुठलीही असली तरी.

कडेचे वेढे आधी लाल होतात असंही तुम्ही लिहिलंय. स्क्रू घट्ट आहेत का बघा, मग कापूस पूर्ण काढून १५-२० वॉटला छोटे छोटे पल्स द्या (बटण क्षणभर दाबून सोडा), बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढे हलकेच घासा, परत पल्स द्या, लाली मधून सुरू होऊन कडेला जाईपर्यंत. याने तो काळा थर पण जळून सुटेल, गार झाल्यावर पाण्याखाली ब्रशने धुवा, सुकवा, नवा कापूस घाला, लिक्विडचे थेंब टाकून मुरू द्या. तुमची कॉइल अजून चांगली आहे हो, टाकू नका.

खरं तर एवढं लांब लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे, की आता दोन्ही कॉइल मित्राच्या मेकॅनिकल ट्यूबमध्ये (बॅटरी थेट कॉइलला जोडणाऱ्या साध्या व्हेपमध्ये) लावून बघणार. दादा, प्लीज असं लगेच करू नका. मेकॅनिकलमध्ये सर्किट नसतं, शॉर्ट झालं तरी थांबवणारं कोणी नाही. फुल चार्ज सेल (बॅटरी) ४.२ व्होल्टची, त्याला ०.१८ ने भागा, २३ अँपिअरच्या वर जातं, आणि २० अँपिअरची सेल असेल तर ती मर्यादेबाहेर गेली, त्यात सेलवरचं प्लास्टिक फाटलेलं असेल किंवा कॉइलचा पाय कॅपला टेकला तर सेल फुटू शकते. एकच लावली तर १२ च्या आत येतं, पण तेही सेल चांगली असेल तरच.

तर आधी त्या सेलचा, तिच्या प्लास्टिकचा आणि ट्यूबच्या डेकचा फोटो मेसेजमध्ये पाठवा, मी स्वतः बघून सांगतो. तुमच्या सिंगल डेकसाठी नवीन कापूस भरून हवा असेल तर कॉइल घेऊन या, समोर बसून करू, त्याचे पैसे नाहीत.