पक्षाची गोष्ट बदलते तेव्हा मत कोणाचं घेतात?

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर महाराष्ट्रात 'फेक नॅरेटिव्ह' हे शब्द रोज कानावर पडू लागले. संविधान बदलणार या प्रचाराने आपल्या जागा गेल्या, असं भाजपचं म्हणणं. ती भीती 'चारसौ पार'च्या घोषणेनेच निर्माण केली, हे विरोधकांचं उत्तर. ब्रिटनमध्ये राहून हा वाद वाचताना मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पक्ष स्वतःविषयी सांगत आलेली गोष्ट बदलतो, तेव्हा संमती कोणाची घेतो?

ब्रिटनच्या लेबर पक्षाच्या १९१८ च्या घटनेतलं चौथं कलम उत्पादनाच्या साधनांची मालकी समाजाकडे असावी, असं सांगत होतं. ते सदस्यत्वाच्या कार्डावर छापलेलं असे. १९५९ च्या पराभवानंतर तेव्हाचे नेते ह्यू गेट्सकेल ते बदलायला गेले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. टोनी ब्लेअर १९९४ मध्ये नेते झाले तोवर पक्ष लागोपाठ चार निवडणुका हरला होता. त्या वर्षीच्या ब्लॅकपूल अधिवेशनात 'न्यू लेबर, न्यू ब्रिटन' ही अक्षरं झळकली, ब्लेअर यांनी घटना नव्याने लिहिण्याचं सूतोवाच केलं. आणि दोनच दिवसांनी प्रतिनिधींनी जुनं कलम राखण्याचा ठराव निसटत्या बहुमताने मंजूर केला. नेत्याची गोष्ट बदलली होती, पक्षाची नव्हती.

मग ब्लेअर देशभर सदस्यांच्या सभा घेत फिरले. २९ एप्रिल १९९५ रोजी लंडनच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये खास अधिवेशन भरलं. मतांचं वजन ७० टक्के पक्षाला जोडलेल्या कामगार संघटनांकडे, ३० टक्के मतदारसंघांतल्या शाखांकडे होतं. सर्वांत मोठ्या दोन संघटना विरोधात गेल्या, तरी नव्या कलमाला सुमारे ६५ टक्के मतं पडली. शाखांमध्ये तर जवळपास ९०. धोरण त्यामागून आलं. अडीच लाख तरुणांना काम देऊ, पैसा खासगी झालेल्या वीज-पाणी कंपन्यांवरच्या एकवेळच्या करातून आणू, असं १९९७ च्या वचनपत्रिकेवर स्पष्ट छापलं होतं.

शिवसेनेची गोष्टही दोनदा बदलली: आधी १९६६ चा मराठी माणूस, मग १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतलं हिंदुत्व, मग २०१९ ची महाविकास आघाडी. एकाही वळणावर शिवसैनिकांचं मतदान झालं नाही. त्याची किंमत २०२२ च्या फुटीनंतर कळली. खरा पक्ष कोणता हे ठरवायला निवडणूक आयोगापुढे तीन कसोट्या होत्या. उद्दिष्टं दोन्ही गट तीच सांगत होते. पक्षाची २०१८ ची घटना आयोगाला लोकशाहीविरोधी वाटली, म्हणून तीही बाद. उरलं बहुमत, आणि तेही आमदार-खासदारांचं: ५५ पैकी ४० आमदार शिंदे गटाकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण त्यांना मिळाले. लाखो शिवसैनिकांचं मत मोजायची सोयच पक्षाने ठेवलेली नव्हती, हे मला यात सर्वांत वाईट वाटतं.

लिखित शब्द पुरेसा असतो असंही नाही. किअर स्टार्मर २०२० मध्ये लेबरच्या नेतेपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांनी दहा वचनं दिली. त्यांतलं वीज-पाण्याच्या राष्ट्रीयीकरणाचं आणि विद्यापीठाची फी रद्द करण्याचं वचन नंतर सोडून दिलं, तेव्हा सदस्यांचं मतदान झालं नाही. मात्र वचनं कागदावर असल्याने प्रत्येक मुलाखतीत त्यांना त्याबद्दल विचारता आलं.

आघाड्यांच्या राजकारणाला जर्मनीची रीत जास्त लागू पडते. तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने २०१८ मध्ये मर्केल यांच्या पक्षाबरोबरचा आघाडीचा करार सदस्यांकडे टपालाने मतदानासाठी पाठवला. मत दिलेल्यांपैकी ६६ टक्के सदस्यांनी होकार दिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेनेने किमान समान कार्यक्रमावर असं मतदान घेतलं असतं, तर कौल कुठलाही लागो, 'ही आघाडी शिवसैनिकाला मान्यच नव्हती' या शिंदे गटाच्या २०२२ च्या दाव्याची शहानिशा आकड्याने करता आली असती.