हातात काय आहे ते तरी बघा

आमच्या सांगलीच्या शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. सूझा आणि पदमसी या भारतीय चित्रकारांच्या, परदेशातून आणलेल्या सात कलाकृती मुंबई कस्टम्सने अश्लील ठरवून अडकवल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एक गट म्हणतो, नागडं ते नागडंच. दुसरा गट लगेच खजुराहोचे फोटो टाकतो. एवढी भांडाभांडी झाली, पण त्या चित्रांत काय काढलंय, कसं काढलंय, यावर एक ओळ नाही. मला राग येतो तो याचा. शिव्या द्या नाहीतर आरती ओवाळा, पण आधी बघा तरी!

मी इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळच्या विरलमध्ये राहते. मर्सीरेलने, म्हणजे इथल्या लोकलने, पोर्ट सनलाइटला उतरलं की लेडी लीव्हर आर्ट गॅलरी चालत जाण्यासारखी आहे. तिथे आल्मा-टाडेमा या व्हिक्टोरियन काळातल्या चित्रकाराचं 'इन द टेपिडेरियम' आहे, १८८१ चं. चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं, त्यामुळे अगदी जवळ जाऊनच बघावं लागतं. रोमन स्नानगृहातल्या कोमट खोलीत, संगमरवरी कट्ट्यावर एक बाई विवस्त्र पहुडली आहे. गाल उष्णतेने लाल झालेत. एका हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा आणि दुसऱ्या हातात स्ट्रिजिल, म्हणजे धातूची वाकडी पट्टी. अंगाला तेल चोळायचं आणि घाम, मळ, तेल सगळं या पट्टीने खरवडून काढायचं, अशी रोमन लोकांची आंघोळ.

आता तिच्या अंगाखाली बघा. जनावराचं केसाळ कातडं पसरलंय. तेल लावलेलं अंग घेऊन कुणी अशा कातड्यावर आडवं होईल का? दिवाळीच्या पहाटे आजी तेल चोळून पाटावर बसवायची आणि दम द्यायची, गादीला हात लावशील तर बघ. म्हणून मला ते कातडं पहिल्यांदा खटकलं. तिला त्याचा काही उपयोग नाही. ते अंथरलंय आपल्यासाठी. मऊ केस, हलकी पिसं, थंडगार दगड, तापलेली त्वचा हे सगळं शेजारी शेजारी मांडून चित्रकाराने बघणाऱ्याच्या डोळ्यांना बोटं फुटवली आहेत. शिवाय रोमन स्नानगृह म्हणजे गजबज: गप्पांचे फड, तेल चोळणारे दास. आल्मा-टाडेमा पॉम्पेई बघून आलेला, अवशेषांचे ढीगभर फोटो जमवणारा माणूस, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याने खोली रिकामी केली. स्ट्रिजिल रोमची आहे, एकांत मात्र व्हिक्टोरियन गिऱ्हाइकाच्या सोयीचा आहे. यावर भांडा की! हे भांडण मला आवडेल.

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "तुमच्याकडे सगळं चालतं." कसलं चालतं? १८८५ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये 'ब्रिटिश मॅट्रन' या टोपणनावाने नग्नचित्रांविरुद्ध पत्र आलं आणि इथेही अशीच जुंपली होती. हेच चित्र पेअर्सवाल्यांनी साबणाच्या जाहिरातीसाठी घेतलं आणि मग शोभणार नाही म्हणून वापरलं नाही. पुढे पेअर्स कंपनी साबणवाल्या लीव्हरकडे गेली आणि चित्र इथे आलं. तोच पेअर्स, जो आमच्याकडे फक्त थंडीत निघायचा. आज याच गॅलरीत प्राथमिक शाळेची पोरं चमकदार हाय-व्हिज जाकिटं घालून रांगेत फिरतात, कुणी कुणाचे डोळे झाकत नाही. इथला समाज एवढं शिकला, मग आपल्याला काय झालं?

मात्र हे मी मराठीतच बोलते. इथे ऑफिसात कुणी कामसूत्राचा विषय काढून डोळे मिचकावले की मी तावातावाने आपल्या संस्कृतीची बाजू घेते आणि कस्टम्सचं नावही काढत नाही.

एका वर्गमैत्रिणीने खोचून विचारलं, लेकीला नेशील का त्या चित्रापुढे? नेलं होतं. तिने त्या बाईच्या कपड्यांचं काही विचारलं नाही, हातात काय आहे ते विचारलं. मी स्ट्रिजिल सांगितली, तेल सांगितलं, मग आजीचं अभ्यंग, उटणं, पाट सगळं सांगत बसले. ती म्हणाली, "मग तू मला का नाही असं करत?"

आमचं घर भाड्याचं. कार्पेटवर तेलाचा डाग पडला की डिपॉझिटमधून पैसे जातात. दिवाळीला मी तिच्या डोक्याला तेलाचं बोट लावते आणि शॉवरला पाठवते. हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. तिथे मी कोर्ट, कायदा आणि कला यांवरच बोलते, कारण तेला-उटण्याचा विषय निघाला की "विसरलीस ना सगळं" म्हणणारे तयारच बसलेत, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.