पाटण्याच्या डोंगरात जाताना गावचं माणूस बरोबर घ्या

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाऊन आलो असं कुणी सांगितलं की मी हल्ली एकच विचारते, बरोबर कोण होतं? मित्र होते, घरचे होते, ऑफिसचा ग्रुप होता. देवीचं दर्शन घेतलं, धबधब्यात भिजलो, कण्हेरगडाकडे थोडं चढलो, ऊन लागलं म्हणून उतरलो, चाळीसगावला शेवभाजी खाल्ली आणि घरी. त्या डोंगरात वाढलेलं माणूस कुणाबरोबरच नसतं. माझं मत स्पष्ट आहे. गावचा वाटाड्या न घेता पाटण्याला गेलेला माणूस पाटणं न बघताच परत येतो. त्या वाटाड्याला आपण जे पैसे देतो ते देताना आपल्याला लाज वाटली पाहिजे, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. खान्देशाचं सपाट रान दक्षिणेकडे जिथे एकदम उभं राहतं तिथे ही सातमाळ्याची रांग आहे. वर मराठवाड्याचं पठार, खाली आपला कापसाचा मुलुख. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटरवर पाटणं. सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, १९८६ पासून. (औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, खान्देशात भिल्लांची पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. घाटाला त्याचं नाव अजून आहे.) आणि कण्हेरगड म्हटल्यावर बरेच जण नाशिक जिल्ह्यातला कळवणजवळचा किल्ला समजतात. तो वेगळा, हा आपला वेगळा.

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही जणी पायथ्याच्या गावातल्या एका आबांना घेऊन दिवसभर हिंडलो. वय साठीच्या पुढे, लहानपण याच डोंगरात गुरं वळण्यात गेलेलं. आम्हाला वाटलं, सकाळी सकाळी चढायला लावतील. त्यांनी आधी सागाच्या झाडीत नेलं आणि एका उंचवट्यावर उभं केलं. पायाखाली पाला, मुळांत अडकलेल्या विटा, दगडांची एक ओळ धरून गेलेली रेघ. म्हणाले, "आठे बजार भरे, ताई. मना आजा सांगे." (इथे बाजार भरायचा, माझा आजा सांगायचा.)

मी तिथेच थांबले, कारण हीच गोष्ट मी कागदावर वाचलेली होती. पाटण्याच्या देवीच्या देवळात एक शिलालेख होता, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ आणि घराण्यातले बाकीचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. त्या मठाला इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं ते शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. इंग्रजी तारीख ९ ऑगस्ट १२०७. लेख बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटी मराठी येते, आणि ती मराठी थेट पेठेतली आहे. या पाटणात जो माल विकायला येईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला दिला, जितके घाणे चालतात त्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला. ज्ञानेश्वरीच्या आधीची ही मराठी आहे, आपल्या जिल्ह्यातली.

आता बघा. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तो शिकवायला हे गाव निवडलं, आणि तेल, माल, जकात यांच्या जोरावर गणिताची शाळा चालली. हे गाव पुढे उजाड झालं, त्यावर साग वाढला. पण बाजार भरायचा ही आठवण गुराख्यांच्या घरात राहिली. आबांनी तो लेख वाचलेला नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेली एकच गोष्ट त्या उंचवट्यावर माझ्यासमोर उभी होती. पाटी, क्यूआर कोड, रील, यातल्या कशानेही हे झालं नसतं.

पुढे एका बांधावर त्यांनी एक मोठा गोल दगड दाखवला, मध्ये खोलगट. "हाऊ घाणा." तो आठशे वर्षांपूर्वीचा असायलाच हवा असं नाही, घाणे अगदी परवापर्यंत चालत होते. पण हात फिरवून बघितला तेव्हा शिलालेखातली ती पळीभर तेलाची ओळ मला पहिल्यांदा खरी वाटली.

महादेवाचं मंदिर बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं, निदान फोटोसाठी. तिथलीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शके १०७५ च्या, म्हणजे ११५३ च्या सुमाराच्या निकुंभांच्या लेखात येतं की इंद्रराजाने सुरू केलेलं शिवमंदिर त्याच्या मागे राणी श्रीदेवीने पुरं केलं. मुलगा गोवन लहान होता, तोवर कारभार तिनेच बघितला. खान्देशातल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे? अहिल्याबाईंच्या सहाशे वर्षं आधी आपल्याकडे एक बाई राज्य चालवत होती आणि देऊळ बांधून घेत होती. शाळेच्या सहली तिथे येतात, मुलं रांगेत उभी राहतात, डबे खातात, बस सुटते.

मग चढ. गडाची सोंड लांबून सोपी दिसते, पण वरच्या टप्प्यात मुरमाचा घसारा आहे आणि कातळाच्या कडेने आडवं जावं लागतं. आबा वहाणा घालून चालत होते, आम्ही भारीतल्या बुटांत सरकत होतो. वाटेत नागार्जुन कोठडी लागते. नाव काहीही असलं तरी लेणं जैन आहे, आत तीर्थंकरांची बसलेली मूर्ती कोरलेली आहे. तिच्यापुढे सीतेची न्हाणी. लेण्याच्या अलीकडे आबांनी सगळ्यांना थांबवलं, एकटे पुढे जाऊन कपारीकडे बघून आले आणि मग खुणेने बोलावलं. आग्यामोहळ होतं. कुणी अत्तर लावलंय का, हे त्यांनी पायथ्यालाच विचारलेलं होतं, तेव्हा आम्हाला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता. लेण्यात ओरडून आवाज घुमतो का बघणं, सिगारेट पेटवणं, दगड भिरकावणं, हे सगळं करणारे लोक तिथे येतात. मोहळ उठलं तर त्या कड्यावरून पळायला जागा नाही.

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री काय झालं ते चाळीसगावकरांना सांगायला नको. डोंगरावर इतका पाऊस झाला की डोंगरी आणि तितूर फुगल्या, गावांत पाणी शिरलं, जनावरं वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. त्या पावसाने डोंगरातल्या पायवाटाही बदलल्या. मोबाइलवर कुणीतरी जुनी टाकलेली रेघ दिसते, ती एखाद्या ठिकाणी आता सरळ नाल्यात जाते. आबांना ठाऊक आहे, कारण पाऊस संपल्यावर ते तिथे पुन्हा गेले होते. जंगल रिकामंही नाही. बिबट्या कायमचा रहिवासी आहे, आणि २०२१ च्या मार्चमध्ये तर विदर्भातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात सापडला.

गडावर पाण्याची टाकी आहेत, थोडे अवशेष आहेत. तिथून खाली खान्देश असा पसरलेला दिसतो की आपण गप्प बसतो. वर आबांनी आम्हाला एकच गोष्ट दाखवली, बोटाने, दक्षिणेकडे, घाटाच्या वरच्या अंगाला. तिकडे पितळखोरं. तेही याच रांगेत कोरलेलं, इसवी सनाआधीच्या शतकांतलं बौद्ध लेणं. तिथल्या खांबांवर पैठणच्या दात्यांची नावं आहेत. तिथे सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला असं त्याच्या हातावरच लिहिलेलं आहे. पैठणचा माल याच घाटांनी आपल्याकडे उतरायचा. लेणी, पेठ, मठ, गड हे सगळं त्या वाटेच्या आधाराने उभं राहिलं. एकेक ठिकाण गाडीने जाऊन बघितलं तर ते सुटं राहतं. डोंगरात चाललं की त्याची माळ लागते.

दुपारी आबांच्या घरी कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. त्याचे वेगळे पैसे घ्यायला काकू तयार नव्हत्या. आम्ही दिले.

आता पैशाचं. आमच्या आधी आलेल्या एका ग्रुपने आबांना दिवसभराचे जे दिले ते ऐकून माझं जेवण गोड लागेना. तेवढ्यात चार माणसांचा नाष्टाही होत नाही. लोक म्हणतात, "काय करतो तो, नुसता पुढे चालतो." मला या वाक्याचा राग येतो. हीच माणसं मनालीला जाऊन ट्रेकच्या पॅकेजला हजारो रुपये मोजतात आणि तिथल्या गाइडबरोबर अभिमानाने फोटो काढतात. आपल्या डोंगरातला म्हातारा मात्र त्यांना शंभराच्या नोटेत पाहिजे, वर एखादी जुनी टोपी.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो. हे गावचे लोक सीता आंघोळीला आली, पांडवांनी एका रात्रीत कोरलं, असलं सांगतात, खरा इतिहास त्यांना येत नाही. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय वाटाड्या काढून टाकणं हा कसा असेल? आबांच्या कथा त्यांच्या आजाकडून आल्या आहेत, त्या ऐकायच्याच. त्याच्या जोडीला शिलालेखाचा मजकूर साध्या मराठीत आणि अहिराणीत छापून त्यांच्या नातवाच्या हातात का नको? जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत इतिहास शिकवणारे आहेत, पुरातत्त्वाची आवड असणारे आहेत. उन्हाळ्यात चार रविवार पायथ्याच्या गावात जाऊन बसले तर दहावी झालेली पोरं आणि पोरी हे सहज उचलतील. पोरी मी मुद्दाम म्हणते. सीताफळं, टेंभुर्णीची पानं, सरपण यासाठी बायकाच जंगलात जास्त हिंडतात, पण वाटाड्या म्हणून त्यांना कुणी विचारत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. या डोंगरात हिंडायचा चांगला काळ कोणता? दिवाळी ते होळी. पावसात घसरण, उन्हाळ्यात कातळ भाजतो. नेमक्या याच महिन्यांत पायथ्याच्या तांड्यांवरची आणि वस्त्यांवरची तरणी माणसं गावात नसतात. ती ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मजुरीच्या हिशेबात एक कोयता, पोरं बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर, घराला कुलूप. मागे म्हातारी माणसं. आबा आम्हाला भेटले ते याच कारणाने. त्यांचा मुलगा, ज्याला हा डोंगर त्यांच्याइतकाच पाठ आहे, तो त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रात कुठल्यातरी कारखान्याच्या फडात होता. त्याची पोरगी शाळा सोडून बरोबर.

वाटाड्याच्या कामाने अख्खा तांडा थांबेल असं मी म्हणत नाही. पण आठवड्याचे दोन दिवस पूर्ण मजुरीने, म्हणजे कसबी माणसाला देतो तशा मजुरीने, हे काम मिळालं तर दोन-चार घरं नक्की थांबतील. त्या घरांतली पोरं शाळेत राहतील. आणि थांबलेलं माणूस देवळाच्या दगडावर नाव कोरणाऱ्याला हटकेल, वणवा लागला तर धावेल, कारण आता त्यात त्याची भाकरी आहे. पहारेकरी एकटा किती ठिकाणी पुरणार?

म्हणून धुळे, जळगाव, नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांना माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. दहा-बारा जणांच्या वर माणसं नेऊ नका. स्पीकर नको. अभयारण्यात शिरताना वनखात्याची परवानगी आणि नोंद करून जा, अंधाराच्या आत खाली या. पायथ्याला पोहोचल्यावर "कुणी आहे का दाखवायला" असं विचारू नका, तेव्हा कुणी नसतं. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटतो ती पावसाळ्यातच, दसऱ्याच्या बरीच आधी. एकदा उचल घेतली की माणूस बांधला गेला, मग तुमच्या नोव्हेंबरच्या ट्रेकला त्याचा उपयोग नाही. आता आषाढ चाललाय. हिवाळ्याच्या तारखा श्रावणातच ठरवा, गावात स्वतः जाऊन माणूस ठरवा, पूर्ण दिवसाची मजुरी बोला आणि त्यातली निम्मी तिथेच हातावर ठेवा. आम्ही नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी पाटण्याला जातोय, आबांच्या मुलाशी बोलायला. तो अजून घरी आहे.