किलकेनी राहिलं की हो!

आयर्लंडमधल्या किल्ल्यांवरचा लेख आवडला, पण त्यात फक्त डब्लिन आणि ब्लार्नी? किलकेनी गावातल्या किल्ल्याला एक ओळ तरी हवी होती. डब्लिनहून ट्रेनने दीडेक तासात पोचतो आणि किल्ल्यापासून सेंट कॅनिस कॅथेड्रलपर्यंतचं सगळं जुनं गाव पायी फिरून होतं, गाडी लागतच नाही. किल्ला १३९१ पासून बटलर घराण्याकडे होता आणि १९६७ मध्ये त्यांनी तो गावाला फक्त ५० पौंडांत देऊन टाकला, हे ऐकून मला तर भरूनच आलं. कॅथेड्रलमध्ये याच घराण्यातला पिअर्स बटलर आणि त्याची बायको मार्गारेट यांची समाधी नक्की बघा, काळ्याभोर दगडात दोघं शेजारी शेजारी झोपलेले कोरलेत. बाहेरच्या गोल मनोऱ्यावर चढायला आत लाकडी शिड्या आहेत, एकदम उभ्या, गुडघे दुखत असतील तर नका चढू, पण वरून अख्खं गाव आणि किल्ला दिसतो. आणि वेळ असेल तर ट्रिम पण करा, बॉइन नदीकाठी, आयर्लंडमधला सगळ्यात मोठा अँग्लो-नॉर्मन किल्ला. तिथल्या मधल्या बुरुजात गाईडबरोबरच सोडतात, त्यामुळे गेल्या गेल्या आधी टूरची वेळ विचारून घ्या आणि मग बाकीचं फिरा.