ताई, रिकामं ठेवू नका, सॉफ्टवेअर पुढे जात नाही

परवा रात्री साडेअकराला एका मैत्रिणीच्या मैत्रिणीचा मेसेज आला. "ताई, बाळाच्या वेळी तुमचं लग्न झालेलं नव्हतं ना? मला दोन महिने झालेत. दोघांचा पगार मिळून जेमतेम भागतं. लगेच इन्शुरन्स काढू का? की आधी रजिस्टर लग्न करू?" तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच टाकते. लग्नाशिवाय मूल यालाच ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. त्या विषयावर माझं आईशी चार वर्षं बोलून झालंय, आता माझ्यात दम नाही.

आधी इन्शुरन्सचं सांगते, कारण आम्ही सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया घालवला. मला दिवस गेल्याचं कळल्यावर पंधरा दिवस आम्ही दोघं रोज रात्री मोबाइलवर पॉलिस्या बघत होतो. मग एका एजंटला फोन केला. माणूस चांगला बोलत होता, फायदे सांगत होता, आणि मध्येच त्याने विचारलं, "मॅडम, आत्ता कितवा?" म्हटलं, तिसरा संपतोय. तिकडे शांतता. मग म्हणाला, "असं करू, पुढच्या वेळेसाठी बघू."

त्याचं काही चुकलं नव्हतं. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ गेल्याशिवाय खर्च मिळत नाही, कुठे नऊ महिने, कुठे दोन वर्षं, कुठे त्याहून जास्त. पोटात मूल असताना काढलेली पॉलिसी त्या मुलाच्या जन्माचा खर्च देत नाही. आणि बाळंतपणाचा फायदा वेगळा घेतला नसेल तर वेटिंग संपूनही काही मिळत नाही. आपल्याकडच्या पॉलिसीच्या मागच्या पानांवर जी ठरावीक वगळलेल्या खर्चांची यादी असते, तिच्यात अठरा नंबरला बाळंतपण बसलेलं आहे. सिझर झालं, गुंतागुंत झाली, तरी ते त्यातच धरतात. अपवाद अगदी मोजके, जसं गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला तर. मी ते पान त्या रात्री पहिल्यांदा वाचलं.

म्हणून "आधी लग्न करून टाका, मग इन्शुरन्सचं होईल" हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. आम्हाला तो किमान सहा जणांनी दिला. वैयक्तिक पॉलिसी तुमचं लग्न कधी झालं ते बघत नाही, दिवस कधी गेले ते बघते. पाचव्या महिन्यात हार घातले असते तरी आम्हाला एक पैसा जास्त मिळाला नसता.

एक अपवाद मात्र खरा आहे, तो लपवणार नाही. तुमच्या जोडीदाराच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल, तिच्यात बाळंतपण पहिल्या दिवसापासून असेल आणि नव्या लग्नानंतर बायकोचं नाव मध्येच घालता येत असेल, तर रजिस्टर लग्न हा सरळ हिशेबाचा प्रश्न होतो. एचआरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि मग ठरवा. अमेरिकेत याच्या नेमकं उलट गणित करणारी जोडपी आहेत. तिथे कमी मिळकतीच्या गरोदर बाईला मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतं. त्यासाठी घरातली माणसं मोजताना पोटातलं मूलही मोजतात. पण लग्न केलं की नवऱ्याची कमाई तिच्या हिशेबात येते, आणि काही जणींचं मेडिकेड त्यामुळेच हुकतं. म्हणजे एकीकडे कागदासाठी लग्न, दुसरीकडे कागदासाठी थांबणं. प्रेमाचं कुणी विचारतच नाही.

आता आमची सुटका कशी झाली ते. मी एका छोट्या कंपनीत बिलिंगला होते. हा, म्हणजे माझा जोडीदार, अॅपवर डिलिव्हरी करायचा, त्याला ना पगाराची स्लिप, ना सुट्टी. माझ्या स्लिपवर दर महिन्याला ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा) अशी एक बारीकशी कपात असायची, पगाराच्या ०.७५ टक्के. दोन वर्षं मी त्या ओळीकडे बघून चिडत होते, की हे काय आणि, यात भाजी आली असती. एकदा डबा खाताना मी इन्शुरन्सचं रडगाणं लावलं तेव्हा स्टोअरमधल्या मावशी म्हणाल्या, "अगं, तुझं ईएसआय कापतात ना? मग रडतेस कशाला?" स्वतःचं दुसरं बाळंतपण त्यांनी त्याच्यावरच केलं होतं.

मी तेव्हा डबा तसाच ठेवून उठले होते, हे आठवतं.

ज्या बाईचं स्वतःचं ईएसआय आहे तिला बाळंतपणाचे उपचार तर मिळतातच, वर २६ आठवडे पगाराइतकी रक्कमही मिळते. अट अशी की आधीच्या एक-दोन सहामाहींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तेव्हा महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हे लागू होतं आणि मी त्यात आरामात बसत होते. (गरीब असल्याचा फायदा झाला, असा प्रसंग माझ्या आयुष्यात तो एकच.) ज्यांच्या कंपनीत ईएसआय नाही त्यांच्यासाठी १९६१चा मातृत्व लाभाचा कायदा होता, त्यातही २०१७च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. दोन्हीकडे शब्द ‘स्त्री’ असा आहे, ‘पत्नी’ असा नाही. मंगळसूत्र कुणी तपासत नाही.

पण हेच उलटं असतं, म्हणजे ईएसआय त्याचं असतं आणि मी बिनपगारी असते, तर मला शून्य मिळालं असतं. कारण त्याच्या कार्डावर ‘कुटुंब’ म्हणून लग्नाची बायको चालते, मी नाही. या सगळ्या प्रकरणातून मी जर एकच गोष्ट धरून बसले असेन तर ती ही, की लग्न नसताना जे काय मिळतं ते बाईच्या स्वतःच्या नावावर मिळतं. त्यामुळे दोघांपैकी एकाचीच पक्की नोकरी टिकवणं शक्य असेल तर तिची टिकवा. "तुला दगदग नको, सोड नोकरी, मी करतो डबल शिफ्ट" असं आमचा हाही म्हणाला होता. प्रेमाने म्हणाला होता. मी सोडली असती तर त्याच्या दहा डबल शिफ्टमध्येही ते भरून निघालं नसतं.

दुसरी गोष्ट, नाव दोन ठिकाणी घाला. मी ईएसआयच्या दवाखान्यात घातलं होतं आणि घराजवळच्या सरकारी हॉस्पिटलातही. दुसरीकडे जाण्याचं कारण सोपं होतं. पहिलं लांब, आणि कळा काही वेळ बघून येत नाहीत. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे, सिझरसकट. औषधं, तपासण्या, रक्त, न्यायची-आणायची गाडी, आजारी नवजात बाळावरचे उपचार, सगळं त्यात येतं. तेही प्रत्येक गरोदर बाईला. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. मी तीन वेळा गेले. रांग मोठी असते, पंखा नेमका आपल्यावर नसतो, पण डॉक्टरीण बाईंनी माझं हिमोग्लोबिन बघून जितका वेळ दिला तितका आधीच्या पैसे देऊन दाखवलेल्या ठिकाणीही मिळाला नव्हता.

याच हॉस्पिटलात पहिल्या दिवशी तो फॉर्म हातात आला. नाव, वय, पत्ता, आणि मग ‘पतीचे नाव’. मी पेन घेऊन थांबले. हा माझ्या खांद्यावरून बघत होता. हळूच म्हणाला, "लिहू का माझं?" मी म्हटलं, खोटं कशाला? चौकट रिकामी ठेवून फॉर्म सरकवला. खिडकीतल्या बाईंनी वर न बघता टाइप करायला सुरुवात केली, थांबल्या, म्हणाल्या, "ताई, काहीही लिहा, पण रिकामं ठेवू नका, सॉफ्टवेअर पुढे जात नाही." मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा याच्याकडे, आणि याला विचारलं, "येणार ना पण तुम्ही दर वेळी?" तो म्हणाला, हो. "मग झालं," म्हणून त्यांनी त्याचं नाव टाकलं. तेव्हापासून सगळं हॉस्पिटल याला माझे मिस्टर म्हणायला लागलं. पहिले दोनदा आम्ही दुरुस्ती केली. नंतर सोडून दिलं.

सगळे असे भेटत नाहीत. एका खाजगी ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "मॅरेज सर्टिफिकेट?" विचारलं होतं. तपासणीला ते लागत नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं, मी मान खाली घालून निघून आले आणि तो महिना तपासणीच केली नाही. लाजेपायी चुकलेली ती एक तपासणी मला अजून खुपते. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून गरोदरपणात किमान आठ भेटी सांगते, पहिली बारा आठवड्यांच्या आत. माझ्या मोजून सहा झाल्या.

मेसेज करणाऱ्या मुलीसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. मूल ठेवायचं की नाही हे अजून ठरलं नसेल, तरी डॉक्टरांकडे जायला घाबरू नकोस. २०२१च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यात ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या कायद्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. ठरव तुझं तू. फक्त लपवत बसून आठवडे घालवू नकोस.

आता प्रत्यक्ष दिवस. सदतिसाव्या आठवड्यात पहाटे पाणी गेलं. लांबच्या दवाखान्याचा विचारही केला नाही. दहा मिनिटांत जवळच्या हॉस्पिटलात होतो. बाळाचे ठोके कमी होत होते, सिझर करावं लागणार होतं. सिस्टर कागद घेऊन बाहेर निघाल्या, "मिस्टरांची सही घेते." मी टेबलावरूनच ओरडले, "सही मी करते, शुद्धीवर आहे मी!" हे मला सुचलं कारण आधी वाचून ठेवलं होतं. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात स्पष्ट केलंय की सज्ञान, शुद्धीतल्या रुग्णाची संमती तिने स्वतःच द्यायची, तिच्या जागी जवळचा नातेवाईकही देऊ शकत नाही. त्या सहीत माझं आडनाव वाचता येत नाही इतका हात थरथरला होता. पण सही माझी आहे.

बाळ चार दिवस काचेच्या पेटीत होतं. खर्चाचा विचार करताना सगळे नॉर्मल की सिझर एवढंच धरतात, पेटीचं कुणी धरत नाही. खाजगीत जाणार असाल तर अंदाजपत्रक तीन मागा: नॉर्मलचं, सिझरचं, आणि बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर रोजचं. भूलतज्ज्ञांची आणि बाळाच्या डॉक्टरांची फी पॅकेजमध्ये आहे का, हे स्पष्ट विचारा. बहुतेकदा नसते. आणि ज्यांच्याकडे बाळंतपणाची पॉलिसी आहे त्यांनी दोन गोष्टी बघा. एक, बाळाला संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे की नव्वद दिवसांनंतर. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक भरावा लागत नाही, अनेक पॉलिस्यांत जवळजवळ सगळ्याच बिलाला त्या प्रमाणात कात्री लागते. माझ्या चुलतबहिणीने एसी खोलीच्या हौसेपायी अर्धं बिल स्वतः भरलं. तिचं लग्न व्यवस्थित झालेलं आहे, बरं का.

जन्मनोंदीच्या वेळी आम्ही दोघांनी सही केली, वडील म्हणून त्याचं नाव लागलं. समजा तो सोबत नसता, तरी नोंद अडायला नको. अविवाहित आईकडून फक्त प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगितलंय. पालकत्वाचं मात्र गंमतशीर आहे. १९५६च्या हिंदू कायद्यात लग्नातल्या मुलाचा पालक आधी बाप, मग आई. लग्नाबाहेरच्या मुलाची आधी आई, मग बाप. हे याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "म्हणजे मी वेटिंगवर."

मुलगी आता तीन वर्षांची आहे. मागच्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा स्वतःची पॉलिसी काढली, मी आणि ती एका पॉलिसीत, तो वेगळ्या. एकत्र चालत नाही म्हणाले, कंपनीच्या फॉर्मात आमच्यासाठी जागा नाही. माझ्या पॉलिसीत नॉमिनी त्याला केलं. ‘नॉमिनीशी नाते’ म्हणून यादी उघडली. पती, वडील, आई, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, इतर. मी ‘इतर’ निवडलं. खाली आणखी एक चौकट उघडली, ‘तपशील द्या’, वीस अक्षरांच्या आत. मी विचार करत बसले तसा तो मुलीला मांडीवर घेऊन शेजारून डोकावला.

"मिस्टर लिही," म्हणाला, "बसतंय."