पिल्लांवरच्या मरळीवर गळ टाकू नका

छोट्या तळ्यावर गळ टाकणाऱ्यांशी आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे. पाऊस सुरू झाला, तळं भरायला लागलं आणि माझ्या फोनवर पुन्हा तेच फोटो यायला लागले. हातात भलीमोठी मरळ, तिच्या तोंडात आमिषाचा रबरी बेडूक, आणि खाली लिहिलेलं, ‘पिल्लांवर होती, पहिल्याच फेकीत लागली.’

पहिल्याच फेकीत लागणारच. त्यात आपलं कसब काहीच नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मरळीची लहान पिल्लं लालसर-नारिंगी असतात आणि शेकडोंनी एकत्र फिरतात. शांत पाण्यावर, शेवाळाच्या किंवा पाणवनस्पतींच्या कडेला ताटाएवढा लाल पुंजका वर येतो, पाण्याला उकळी फुटल्यासारखी बारीक खळबळ होते आणि पुंजका पुन्हा खाली जातो. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, तिला वर येऊन हवा घ्यावी लागते. पिल्लंही थोडी वाढली की हेच करतात. म्हणूनच त्यांचा ठावठिकाणा लपत नाही. बगळ्याला दिसतो, खंड्याला दिसतो, आपल्यालाही दिसतो. आणि त्या पुंजक्याच्या बरोबर खाली आईबाप असतात. कधी एक, कधी दोघंही.

त्या मरळीला भूक लागलेली नसते. पिल्लांच्या अंगावर जे येईल त्याच्यावर ती तुटून पडते, मग तो खरा बेडूक असो की रबराचा. एरवी हीच मरळ माणसाला किती थकवते ते तुम्हाला माहीत आहे. काठावर सावली हलली तरी दडी मारते, तास तास दाद देत नाही. पिल्लांवर असताना मात्र तिला माघार घेता येत नाही. मासा चलाखीने हुलकावणी देईल आणि आपण त्याच्याहून चलाख होऊ, याच ओढीने मी तळ्यावर जातो. पळूच न शकणाऱ्या माशाला धरण्यात ते कुठे आलं?

चार वर्षांपूर्वी मीही असा एक मासा धरला होता. तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणार नाही, पुंजका मला दिसला होता. मरळ काठावर घेतली, गळ सोडवला आणि सहज पाण्याकडे पाहिलं. लाल पुंजका वर आला होता आणि त्याच्या कडा विस्कटत होत्या. खालून टिलापिया मासे धडका देत होते. प्रत्येक धडकेला पाण्यावर टचकन आवाज व्हायचा आणि लाल रंग थोडा कमी व्हायचा. थोड्याच वेळात तिथे नुसतं पाणी उरलं. मरळ माझ्याजवळ ओल्या गवतात जिवंत होती, हवेवर श्वास घेत होती. मी तिला परत सोडली. ती नेमकी त्याच जागी गेली.

‘पण मी सोडून देतो ना’ म्हणणाऱ्यांना मी एवढ्याचसाठी हे सांगतोय. सोडणं चांगलंच आहे, एरवी मीही सोडतो. पण राखणदार पाच मिनिटं जागेवर नसला की मधल्या काळात जे व्हायचं ते होऊन जातं. उत्तर अमेरिकेतल्या बास माशावर या बाबतीत बराच अभ्यास झाला आहे. तिथे घरट्यावर नर राखण करतो. त्याला गळाने उचललं की आसपासचे मासे अंडी-पिल्लांवर तुटून पडतात, आणि दमलेला नर परत येऊनही कधीकधी घरटं सोडून जातो. कॅनडातल्या ऑन्टारियोच्या बऱ्याच भागात विणीच्या दिवसांत बासची मासेमारी बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे, ती याच कारणाने.

दुसरा मुद्दा नेहमीचा: हजारो पिल्लांतली जगतात किती? फारच थोडी, खरं आहे. पण ती थोडी जगतात ती कोणीतरी खाली उभं असतं म्हणून.

आणि हे तळं आहे, नदी नाही, हे आपण विसरतो. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन रोहू, मृगळ अशा माशांची वीण घडवून आणली. त्याआधी त्यांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, नद्यांतून गोळा करावं लागायचं. म्हणजे तळ्यातला कटला कमी झाला तर कोणीतरी बीज आणून सोडू शकतं. मरळीचं बीज फार कमी तळ्यांत कोणी मुद्दाम सोडतं. ती तळ्यातच जोडी जमवते, वनस्पतींमध्ये जागा साफ करते, तिची अंडी तिथेच वर तरंगतात आणि ती राखते. लहान तळ्यात अशा जोड्या असून असून किती असणार? दोन-तीन लाल पुंजके एका पावसाळ्यात गेले, तर पुढची काही वर्षं तिथे कोणालाच मरळ लागणार नाही, आणि मग आपणच म्हणणार, तळं बसलं.

मासेमारी बंद करा असं मी म्हणत नाही. लाल पुंजका दिसला की तेवढा काठ सोडा. दुसऱ्या टोकाला बसा, बूच लावा, गांडूळ लावा, तळाशी मृगळ आहे, मधल्या पाण्यात रोहू आहे. चुकून राखणीची मरळ लागलीच तर फोटो राहू द्या. हात ओले करा, अंगावरचा बुळबुळीत थर पुसू नका, कल्ल्यांत बोटं घालू नका आणि जिथे लागली तिथेच लगेच सोडा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवला असेल तर हे सगळं काही सेकंदांत होतं.

आमच्या तळ्यावर सध्या एक पुंजका आहे, पूर्वेच्या काठाला, पाणकणसाच्या बेटाजवळ. गेले तीन आठवडे मी समोरच्या काठावर बसतोय. पुंजका आधीपेक्षा विरळ झालाय, पण पिल्लं बोटाएवढी झाली आहेत आणि लाल रंग उतरून करडा व्हायला लागलाय. काल सकाळी एक बगळा तिथे उतरला. त्याच्या पायाजवळ पाणी असं जोरात उसळलं की तो उडून माझ्या काठावर येऊन बसला.